अणुभट्टीचे शीतक: सोडियम की शिसे?

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरच्या परिसरात कोळशापासून वीज तयार होते, तर शहराच्या दक्षिणेस कल्पाक्कम येथे द्रुतगती प्रजनक अणुभट्ट्यांचे काम चालते. तेथील प्रायोगिक अणुभट्टी १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. या प्रकारच्या भट्टीत इंधनाची उष्णता पाणी नव्हे, तर वितळलेले सोडियम वाहून नेते. पाण्याने न्यूट्रॉनचा वेग मंदावतो आणि नवे इंधन तयार होण्याची प्रक्रियाच खुंटते.

सोडियम हलके आहे, उष्णता झपाट्याने वाहून नेते आणि पोलादास फारसे खात नाही. परंतु तापलेले सोडियम हवेत पेट घेते. जपानच्या मोंजू अणुभट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये गळतीमुळे आग लागली होती. शिसे, अथवा शिसे व बिस्मथ यांचा मिश्रधातू, हा त्यावरील पर्याय मानला जातो. हे जड धातू असे पेटत नाहीत. शिवाय सोडियम ८८३ अंश सेल्सिअसला उकळते, तर हा मिश्रधातू सुमारे १६७० अंशांना.

मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या छोट्या उच्च तापमान अणुभट्टीच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक ठरतो. हायड्रोजन निर्मितीसारख्या उपयोगांसाठी कल्पिलेल्या या १०० किलोवॉट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत शीतकाचे तापमान १००० अंशांपर्यंत अपेक्षित आहे. तेथे सोडियमची वाफच होईल. म्हणून शिसे-बिस्मथची निवड झाली. ते फिरवण्यास पंपही लागत नाही. तापलेला धातू वर चढतो, निवल्यावर खाली उतरतो.

अडचणी मात्र लहान नाहीत. जड धातू पोलादातील निकेल विरघळवतो, त्यामुळे शीतकातील प्राणवायूचे प्रमाण काटेकोर राखावे लागते. ते घटले तर पोलादावरील संरक्षक थर टिकत नाही. वाढले तर ऑक्साइडचा गाळ साचतो. अशाच गाळाने मार्ग तुंबून २४ मे १९६८ रोजी सोव्हिएत पाणबुडी के-२७ च्या भट्टीतील इंधनाची हानी झाली आणि किरणोत्सर्गामुळे ९ नौसैनिक दगावले. हा मिश्रधातू १२५ अंशांखाली गोठतो, म्हणजे भट्टी बंद असतानाही त्यास ऊब द्यावी लागते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने बिस्मथपासून पोलोनियम हे अत्यंत विषारी किरणोत्सर्गी द्रव्यही तयार होते.

शुद्ध शिशात पोलोनियम फारच कमी तयार होते, पण त्याचा वितळणबिंदू ३२७ अंश आहे. रशियाने सायबेरियातील सेवेर्स्क येथे ३०० मेगावॉटच्या अणुभट्टीसाठी शुद्ध शिसेच पत्करले असून, तिचे बांधकाम जून २०२१ मध्ये सुरू झाले.