मोटार अपघात नुकसानभरपाई दावा

वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीने किंवा मृताच्या वारसांनी चालक, वाहनमालक व विमा कंपनी यांच्याकडून भरपाई मिळवण्यासाठी केलेला दावा. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने झालेली इजा हे अपकृत्य होय आणि त्याची भरपाई पैशाच्या रूपाने व्हावी, हे त्यामागील तत्त्व. चालकावरील फौजदारी खटला यापासून वेगळा असतो. त्यात तो निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते. कारण येथे गुन्हा संशयातीतपणे शाबीत करावा लागत नाही, अधिक संभाव्य काय एवढेच पाहिले जाते.

न्यायाधिकरण : १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय झाली. ती १९८८ च्या कायद्यातही कायम आहे. कलम १६६ खालील अर्ज अपघातस्थळाच्या, तसेच अर्जदाराच्या किंवा प्रतिवादीच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. त्रयस्थ विमा सक्तीचा असल्याने रक्कम बहुधा विमा कंपनी भरते. जखमीचाही दोष आढळल्यास त्या प्रमाणात भरपाई घटते. निवाड्यावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

भरपाईची आकारणी : औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मिळकत व वेदना यांखेरीज भावी मिळकतीची हानी मोजली जाते. वाद मुख्यतः तिच्यावरून होतो. अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्केवारी म्हणजे मिळकतीतील घट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. डावा हात गमावल्यास सुताराचा धंदा बसतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. वार्षिक हानीला वयानुसार गुणकाने गुणतात. २००९ च्या निकालानुसार हा गुणक १५ ते २५ वयासाठी १८ असून वाढत्या वयाबरोबर उतरत ६५ नंतर ५ होतो. उदा., महिना २०,००० रुपये कमावणाऱ्या ३२ वर्षांच्या स्वयंरोजगारी व्यक्तीच्या मिळकतीत २०१७ च्या निकालाप्रमाणे भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २८,००० रुपये धरतात. कमाईची क्षमता निम्मी घटल्यास वार्षिक हानी १,६८,००० रुपये. तिला १६ ने गुणून २६,८८,००० रुपये होतात.

दोषनिरपेक्ष भरपाई : २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ खाली निष्काळजीपणा सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मिळतात. ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो.