ऑईल प्रेशरचा काटा : ॲबिंग्डन ते हिरोशिमा

१९६२ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बाहेर पडू लागली, तेव्हा तिच्या ऑईल प्रेशरच्या काट्याला वीज लागत नव्हती. इंजिनापासून एक बारीक नळी थेट डॅशबोर्डमागे यायची आणि इंजिनातले ऑईलच काटा ढकलायचे. नळी गळली तर गरम ऑईल पायांवर येण्याची धास्ती असे, पण काट्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येई.

ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. पॅरिसच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले, तेही वाफेच्या इंजिनांच्या काळात. चपटी, वाकवलेली धातूची नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो.

मोटारींना मात्र या मापकाची गरज लगेच पडली नाही. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीला ऑईल पंपच नव्हता. फिरणारे भाग ऑईल उडवत, त्यावरच बेअरिंगे भिजत. दाब नाही, तर मोजायचा काय? चालक गाडीखाली वाकून दोन छोटे नळ उघडी आणि ऑईल कुठल्या नळातून येते यावरून पातळी ओळखी.

इंजिने वेगाने फिरू लागली, तेव्हा नुसते शिंतोडे पुरेनात. पंप आला. पंप ऑईल पुढे रेटतो आणि क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून ते जाताना जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. म्हणून काटा खरे तर त्या फटींची बातमी देतो. बेअरिंग झिजले, फट वाढली, की दाब उतरतो. थंड ऑईल घट्ट असते, तेव्हा काटा वर. तेच तापून पातळ झाले की खाली.

त्यामुळे ‘नॉर्मल’ हा एकच आकडा कधीच नव्हता. एमजीबीसाठी गाडी चालती असताना दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि इंजिन नुसते सुरू असताना १० ते २५ पौंड, असे दोन पट्टे दिलेले असत. सिग्नलला थांबल्यावर काटा पंधरावर आला म्हणून नवखा मालक घाबरायचा. जाणत्याला ते साहजिक वाटे. घाबरायचे ते वेगात असताना काटा पडला तर. जोरदार वळणावर ऑईल चेंबरच्या एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि त्या एक-दोन सेकंदांत बेअरिंग जळू शकते. याच कारणाने १९५४च्या मर्सिडीज ३०० एसएलने आणि पुढे पोर्शे ९११ने ऑईल वेगळ्या टाकीत ठेवण्याची पद्धत स्वीकारली.

घरगुती मोटारी दुसऱ्या वाटेने गेल्या. दाब धोक्याच्या खाली उतरला की पेटणारा लाल दिवा स्वस्त होता आणि काटा वाचण्याची कटकटही वाचली. पण तो पेटेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद झाला. हलक्या ब्रिटिश रोडस्टरची ती परंपरा हिरोशिमाच्या माझदाने उचलली. १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या एमएक्स-५मध्ये आधी खरा, ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा-उतरणारा काटा होता. १९९५च्या मॉडेलपासून तो बदलला. किमान दाब ओलांडला की काटा मध्यावर जाऊन बसायचा, मग इंजिन थंड असो वा तापलेले. हलता काटा पाहून गिऱ्हाईक काळजीत पडे, असे कारण यामागे सांगितले जाते. हा सौदा वाईटच म्हणायला हवा. तबकडी मापकाची आणि काम मात्र लाल दिव्याचे, असे त्याचे झाले.

म्हणूनच जुनी एमएक्स-५ पाहायला गेलेला जाणकार आधी ॲक्सिलरेटर दाबून काटा हलतो का ते बघतो. हलत नसेल, तर इंजिनावरचा, काट्याला जोडलेला ऑईल प्रेशरचा स्विच काढून तिथे बूर्दोंच्या नळीचा साधा गेज बसवतो. मग डिपस्टिकवर पातळी बघून गाडी चांगली फिरवून आणतो, कारण पाण्याच्या तापमानाचा काटा स्थिरावला तरी ऑईल तापायला आणखी वेळ लागतो. त्यानंतरच तो दोन आकडे लिहून घेतो : एक इंजिन नुसते सुरू असतानाचा, दुसरा ३००० आरपीएमचा. काहीजण एवढ्यावर थांबत नाहीत. जुन्या मॉडेलचा, खरा दाब काट्याला कळवणारा सेंडर बसवतात, मीटरच्या आतली जोडणी बदलतात आणि काटा पुन्हा हलता करून घेतात.