गाडीचा वॉटर पंप: देखभाल कशी करावी, कधी बदलावा?

इंजिनातली उष्णता बाहेर नेण्याचं काम कूलंट करतं. ते कूलंट इंजिन आणि रेडिएटर यांच्यात सतत फिरवत ठेवतो तो वॉटर पंप. पंप बंद पडला की काही मिनिटांतच इंजिन तापतं. तरीही गाडी चालवली तर हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. ज्यांची रोजीरोटी टॅक्सी किंवा टेम्पोवर आहे, त्यांचा धंदाही तेवढे दिवस ठप्प. पण पंप सहसा अचानक जात नाही, आधी इशारे देतो.

इशारे ओळखा

पंपाच्या आत पाती असलेलं चाक, बेअरिंग आणि सील असतं. सील झिजलं की पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून कूलंट झिरपतं. तिथे ओल किंवा वाळलेले डाग दिसले तर पंपाचे दिवस भरले समजा. बेल्टच्या बाजूने घरघर येणं, इंजिन बंद असताना पुली हाताने हलणं, टाकीतलं कूलंट वारंवार कमी होणं, काटा नेहमीपेक्षा वर जाणं, हीसुद्धा लक्षणं आहेत.

देखभाल

नळाचं किंवा बोअरचं पाणी भरू नका. त्यातल्या क्षारांनी आत थर जमतो, गंज चढतो आणि सील लवकर खराब होतं. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट वापरा आणि ठरलेल्या मुदतीत बदला. बेल्ट फार ताणला तर बेअरिंगवर भार येतो, सैल राहिला तर पंप नीट फिरत नाही.

बदलताना

काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथपर्यंत पोहोचायला बरंच काही खोलावं लागतं. म्हणून टायमिंग बेल्ट बदलतानाच पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते. असा पंप जाम झाला तर बेल्ट तुटून व्हॉल्व्हही वाकू शकतात. गॅस्केट नवीनच बसवा. कूलंट भरल्यावर आतली हवा काढली का, हे मेकॅनिकला आवर्जून विचारा. हवा अडकली तर नवा पंप असूनही इंजिन तापतं.

रस्त्यात गाडी तापली तर

एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, उकळतं कूलंट उसळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

घरात लहान मुलं असतील तर आणखी एक गोष्ट. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका आणि जमिनीवर सांडलेलं लगेच पुसा.

महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून कूलंटची पातळी आणि पंपाखालची जागा पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.