दोन कंठ आणि एक ऑर्गन

युद्धाने नगरे उद्ध्वस्त होतात, हे इतिहास सांगतो. परंतु त्याने गायकवृंदही विखुरले जातात, याची नोंद क्वचितच घेतली जाते. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीवर हा प्रसंग ओढवला, आणि त्यातूनच भक्तिसंगीताचे एक लहानसे दालन उघडले.

हाइन्रिख श्युट्स (१५८५–१६७२) हा ड्रेस्डेन येथील सॅक्सनीच्या दरबाराचा प्रमुख संगीतकार. तरुणपणी व्हेनिसला जाऊन त्याने जोव्हान्नी गाब्रिएलीचे शिष्यत्व पत्करले. अनेक गायकवृंद निरनिराळ्या ठिकाणी उभे करून त्यांच्या स्वरांनी सारे मंदिर दुमदुमवून सोडण्याची विद्या त्याने तेथे संपादन केली. १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दाविदाच्या स्तोत्रांत तिचे वैभव दिसते. पुढे युद्धाची झळ सॅक्सनीला लागली. दरबाराचा खजिना आटला, वेतने थकली आणि गायकवादकांची संख्या रोडावली.

श्युट्सने मात्र लेखणी खाली ठेवली नाही. १६३६ आणि १६३९ मध्ये त्याने लहान भक्तिरचनांचे दोन भाग प्रसिद्ध केले. एक ते पाच कंठ आणि साथीला ऑर्गन, एवढाच बहुतेक रचनांचा सरंजाम! पहिल्या भागाच्या अर्पणपत्रिकेत युद्धाने झालेल्या संगीताच्या दुर्दशेबद्दल त्याने खेद व्यक्त केला आहे.

यांतील युगुलगीते आजही फारशी परिचित नाहीत. परमेश्वराने आपली हाक ऐकावी, अशी विनवणी करणारे गीत दोन उंच कंठांसाठी आहे. तर यशयाच्या ग्रंथातील 'भिऊ नकोस' हे धीराचे वचन खर्जाच्या दोन पुरुषकंठांना दिले आहे. एकाने वाक्य उचलावे, दुसऱ्याने ते निराळ्या स्वरावरून पुन्हा म्हणावे आणि मग दोघांनी एकत्र यावे, अशी त्यांची घडण असते. वादकापुढे मुख्यतः खालच्या स्वरांची एक ओळ असे. वरचे स्वरमेळ त्याने स्वतः भरावयाचे. हा ऑर्गन मराठी रंगभूमीवरील पायपेटीसारखा नव्हे; भात्याच्या हवेने नळ्या निनादविणारे ते वाद्य आहे.

शांतता प्रस्थापित झाल्यावर, १६५० मध्ये, श्युट्सने पुन्हा मोठ्या वाद्यमेळाच्या रचना प्रसिद्ध केल्या. त्याच्यानंतर शंभर वर्षांनी जन्मलेल्या बाखच्या कीर्तीपुढे ही लहान गीते झाकोळली. तरीही त्यांचे मोल वेगळेच आहे. अनेक वृंदांच्या घोषात शब्द बुडून जाण्याची भीती असते. येथे दोनच कंठ उरले, म्हणून प्रार्थनेचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो. दारिद्र्याने संगीताचा विस्तार हिरावून घेतला, परंतु त्याची वाणी हिरावून घेतली नाही.