आमच्या आधी कोणी होतं का?

डिसेंबर २०१३. नाताळाच्या करंज्या करायला मी भिलाईतल्या शेजारच्या मावशींकडे गेले होते. काका पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले; विदर्भातून येऊन इथेच स्थिरावलेलं ख्रिस्ती कुटुंब. लाटता लाटता मावशी थांबल्या. धाकट्या मुलाने त्याच आठवड्यात सांगितलं होतं, की त्याला मुली नव्हे, मुलगेच आवडतात. काका तेव्हापासून बोलत नव्हते. मावशींनी मला विचारलं, "तू शाळेत इतिहास शिकवतेस ना? मग सांग, आमच्यासारखे आईबाप आधी कुठे होते का? त्यांनी काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते पुढे हळूहळू जमवलं.

पहिली गोष्ट कायद्याची. कलम ३७७ आपल्या संस्कृतीतून आलं, असं मावशींना वाटे. खरं तर इंग्लंडात हा विषय धर्मन्यायालयांकडे होता. १५३३ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत तो राजाच्या कायद्यात आला आणि त्याला फाशीची शिक्षा लागली. तोच धागा १८६० च्या भारतीय दंडसंहितेत आला आणि १८६२ पासून आपल्याकडे लागू झाला. म्हणजे मावशींच्या मनातली पापाची भीती आणि पोलिसांची भीती मुळात एकाच घरातल्या. पण त्याच घरात मतही बदललं. १९५४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्याच एका मंडळाने म्हटलं, की पाप आणि गुन्हा या वेगळ्या गोष्टी आहेत, हा गुन्हा नको. पुढे १९५७ चा वुल्फेंडन अहवाल आला आणि १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्समधला कायदा बदलला. आपल्याकडे मात्र तो तसाच राहिला.

दुसरी गोष्ट आईबापांची. न्यूयॉर्कमधल्या शिक्षिका जीन मॅनफर्ड यांच्या मुलाला १९७२ मध्ये एका निदर्शनात मारहाण झाली. आईने वर्तमानपत्राला पत्र लिहून आपला मुलगा समलिंगी असल्याचं उघड सांगितलं आणि त्याच वर्षी जूनच्या मिरवणुकीत त्याच्यासोबत चालली. मार्च १९७३ मध्ये अशा पालकांची पहिली बैठक भरली. जेमतेम वीस माणसं होती. त्यांना जागा दिली ती एका मेथडिस्ट चर्चने. हे ऐकून मावशींनी दोनदा विचारलं, "चर्चने?"

आपल्याकडे २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. पण त्याच न्यायालयात दुसऱ्या बाजूला मिन्ना सरन आणि इतर पालक उभे होते आणि त्यांची बाजू ज्येष्ठ वकील फली नरिमन मांडत होते. ११ डिसेंबर २०१३ ला ते हरले. मावशींच्या घरात हा विषय निघाला तो नेमका त्याच आठवड्यात. त्या निकालानंतर मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी सांगितलं, की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही, पण या माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही. अर्धंच दार उघडलं, पण उघडलं.

मावशींना जवळचं वाटलं ते नागपूर. भारतातील प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालय तिथे आहे, आणि लैंगिक विविधतेवर पाळकांशी व धर्मशिक्षण संस्थांशी बोलण्याचं काम या परिषदेने हाती घेतलं आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांची समपथिक ट्रस्ट २००२ पासून मराठीत हेच बोलू लागली. मुंबईत 'स्वीकार' या नावाने पालकांचा गट उभा राहिला.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी २०१३ चा निकाल फिरवला. त्यांत फली नरिमन यांचे चिरंजीव रोहिंटन नरिमन होते. न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, की इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही माफी मागायला हवी. "कुटुंबीयांचीही" हा शब्द मी मावशींना वाचून दाखवला, तेव्हा काका आतल्या खोलीत होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

२०२३ मध्ये 'स्वीकार'च्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, की आमच्या मुलांचं लग्न आमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. १७ ऑक्टोबरला न्यायालयाने तो हक्क दिला नाही. लढाई अजून संपलेली नाही.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आता माझ्यापाशी आहे: होते. थोडे होते, घाबरलेले होते, पुष्कळदा हरलेही. पण मुलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

काका अजून मंडळीत कुणापाशी काही बोललेले नाहीत. पण गेल्या नाताळात मुलगा आपल्या सोबत्याला घेऊन आला, तेव्हा दुर्ग स्टेशनवर आणायला काकाच गेले. उपासनेला त्यांनी दोघांना आपल्याच बाकावर बसवलं, आणि कुणी पाहिलं तरी ते सरकले नाहीत.