क्रिकेटने सोडलेला ऋतू

फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्यात असावा की हिवाळ्यात, हा वाद युरोपात अधूनमधून पेटतो आणि विझतो. पांढरकवड्यात कुणाला हा प्रश्न विचारलात तर तो आधी तुमच्याकडे नीट बघून घेईल. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पलीकडे जातो, दुपारी बारा ते पाच कुत्रंही रस्त्यावर नसतं. तेव्हा उन्हाळ्याचा प्रश्नच मिटला. राहिले पावसाळा आणि हिवाळा. यातला कोणता, हे ठरवायला हवामान पुरेसं नाही. थोडा इतिहास उकरावा लागतो, आणि तो उकरताना फुटबॉलपेक्षा क्रिकेटच जास्त सापडतं.

इंग्लंडपासूनच सुरुवात करू. फुटबॉल हिवाळी खेळ आहे असं आपण गृहीत धरतो, जणू चेंडूला थंडी मानवते. प्रत्यक्षात कारण साधं होतं. उन्हाळ्यात मैदानं क्रिकेटची होती. १८५७मध्ये स्थापन झालेला शेफील्ड क्लब हा सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबांपैकी एक, आणि तो उभा राहिला क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींतूनच. त्याच शहरातल्या वेन्सडे क्लबची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. हा १८२०चा क्रिकेट क्लब. हिवाळ्यात सभासद पांगू नयेत म्हणून त्यांनी १८६७मध्ये फुटबॉलची शाखा काढली. आज शेफील्ड वेन्सडेचं क्रिकेट कुणाला आठवतही नाही. पुढे ८ सप्टेंबर १८८८ रोजी फुटबॉल लीग सुरू झाली तीही याच वेळापत्रकाने, क्रिकेट आवरता आवरता. नंतर थंडीने या वेळापत्रकाचा पुरेपूर सूड घेतला. १९६३च्या बर्फात एफ. ए. कपची तिसरी फेरी पूर्ण व्हायला ६६ दिवस लागले. सट्ट्याचे कूपन भरणाऱ्यांचे पैसे अडकू नयेत म्हणून काही जाणकार एका खोलीत बसून न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवू लागले. असं असूनही हंगाम काही हलला नाही. मैदान एकदा वाटून झालं की ते वाटप ऋतूपेक्षा चिवट ठरतं.

हेच वाटप गोऱ्या पलटणींबरोबर मुंबईत आलं, मात्र उलटं होऊन. मुंबईत क्रिकेटला अडवणारा ऋतू पावसाळा. म्हणून फुटबॉलच्या वाट्याला पावसाळा आला. रोव्हर्स कप १८९१मध्ये सुरू झाला, पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंटची पलटण. हारवुड लीग १९०२पासूनची. कूपरेजच्या चिखलात, भर पावसात किंवा पाऊस ओसरता ओसरता हे सामने व्हायचे. नोव्हेंबरपासून पुढची सुकी, सोनेरी मैदानं क्रिकेटची. त्या मैदानांवरही आधी वेगळंच भांडण झालं होतं. १८८०च्या दशकात पारशी क्रिकेटपटू आणि पोलो खेळणारे साहेब यांच्यात त्याच गवतावरून अर्जविनंत्यांची लढाई झाली, कारण घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्यांची चाळण होत होती. मैदान हे मुंबईत कायमच हक्काचं प्रकरण आहे. गंमत म्हणजे मुंबईच्या क्रिकेटने पुढे पावसाळाही सोडला नाही. डॉ. कांगांच्या नावाची लीग १९४८पासून खास पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. म्हणजे क्रिकेटला नको असलेला ऋतू फुटबॉलला दिला, आणि मग त्यातही खुर्ची टाकून बसले.

पावसाळ्यामुळे फुटबॉलमध्ये जो फरक पडला तो मुख्यतः पायांमधला आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. भारतीय खेळाडू अनवाणी खेळत, पलटणी बूट घालून. कोरड्या मैदानावर अनवाणी पाय चपळ असतो, चेंडूवर त्याचा ताबाही चांगला राहतो. ओल्यावर तोच पाय घसरतो आणि बुटाचे खिळे जमीन धरून ठेवतात. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ असं हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या संघात एकच खेळाडू बूट घालून खेळत होता. हा विजय आपण स्वातंत्र्यलढ्याच्या खात्यात जमा करतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो अंतिम सामना जुलैअखेरचा, ऐन पावसाळ्यातला होता, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. कोलकात्याचा हंगाम मे महिन्याच्या उन्हात सुरू होई. पहिले काही आठवडे अनवाणी संघ फॉर्मात असत. पाऊस लागला की गुणतक्ता पालटायचा. यावर उपाय शोधला मोहमेडन स्पोर्टिंगने. १९३०च्या दशकात त्यांनी ओल्या मैदानासाठी बूट स्वीकारले आणि १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं कोलकाता लीग जिंकली. इतर कारणंही होतीच. देशभरातून खेळाडू गोळा करण्याची त्यांची पद्धत त्या काळी नवी होती. पण आकाशाकडे बघून पायात काय घालायचं हे ठरवणारा संघ आधी कुणी बांधला नव्हता.

याच पायांचा पुढचा अध्याय परदेशातला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळणारा भारतीय संघ फ्रान्सकडून २-१ असा हरला, दोन पेनल्टी वाया घालवून. सामना ३१ जुलैचा, म्हणजे तिथला उन्हाळा. चार वर्षांनी हेलसिंकीत, पुन्हा जुलैतच, युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. तिथल्या गारठ्यात अनवाणी पायांचं काही चाललं नाही असं सांगतात. मी हे पूर्ण मान्य करणार नाही. युगोस्लाव्हियाने त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं, ते बूट घालून खेळणाऱ्यांनाही भारीच पडले असते. पण त्यानंतर अनवाणी फुटबॉल संपलं हे खरं. जुलै म्हटलं की कुणाला ऊन आठवतं, कुणाला चिखल, कुणाला थंडी. एकाच महिन्याची ही तऱ्हा, तर सगळीकडे एकच हंगाम कसा चालेल?

आता आपल्याच राज्यातलं कोल्हापूर घ्या. तिथे फुटबॉल पावसाळ्यात नसतंच. शाहू स्टेडियमवरचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही संघांची नावं. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉलचे संघ चालवावेत हे फक्त कोल्हापूरला सुचू शकतं. सामन्याच्या दिवशी पेठा दुपारपासूनच तापतात. मुंबईने पावसाळा घेतला आणि कोल्हापूरने हिवाळा-उन्हाळा, आणि दोन्ही शहरं एकाच वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली. कोल्हापूरला हे जमलं, कारण तिथे सुक्या दिवसांतलं मैदान फुटबॉलने मागून घेतलं नाही. ते आधीपासून त्याचंच होतं.

गोव्यात आणखी वेगळं. तिथे गावोगावचं फुटबॉल भाताच्या शेतात वाढलं. पावसात शेतात भात उभं असतं. कापणी झाली की तेच शेत सपाट, सुकं, मऊसर मैदान होतं. शेती आणि खेळ एका जमिनीवर पाळीपाळीने नांदतात.

आणि आमच्याकडे? पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं, कापसाचं गाव. गोव्यासारखी पाळी आमच्या शेताला जमत नाही, कारण कापूस भातासारखा एका आठवड्यात निघत नाही. दसरा-दिवाळीपासून वेचे सुरू होतात ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. त्यानंतर पऱ्हाटी उपटायची. मग उरते ती काळी माती, उन्हाने भेगाळलेली. भेगा एवढ्या रुंद, की त्यात पाय अडकला तर घोटाच मुरगळायचा. पावसात हीच माती फुगते आणि चिकटते. मुंबईचा चिखल घसरवतो, कोलकात्याचाही घसरवतो. आमचा चिखल धरून ठेवतो. दहा पावलं पळालात की प्रत्येक बुटाखाली किलोभर माती, चेंडू जिथे पडेल तिथेच बसलेला. शाळेत असताना पहिल्या पावसानंतर आम्ही चेंडू घेऊन निघालो की मोठी पोरं हमखास म्हणायची, "चिखलात कायचा फुटबॉल बे?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मोहमेडन स्पोर्टिंगचे बूटही इथे कामाचे नव्हते, कारण खिळे रुतल्यावर बाहेर काढायला वेगळी ताकद लागते.

आता शाळांचं वेळापत्रक बघा. सुब्रोतो कप ही १९६०पासूनची शालेय स्पर्धा, मुख्य फेरी दिल्लीत. तिच्यासाठीच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या फेऱ्या आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उरकतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एप्रिल-मेमध्ये सराव शक्य नाही, जूनमध्ये शाळा नाही, जुलैमध्ये मैदान नाही. म्हणजे आमचा मुलगा ज्या दिवशी जिल्ह्याला खेळायला उभा राहतो, तो बहुतेक वेळा त्या वर्षातला त्याचा पहिला खरा सामना असतो. आणि तो हरला की वर्ष संपलं. यवतमाळ जिल्ह्यातून फुटबॉलपटू का येत नाहीत, असं विचारणारे अधूनमधून भेटतात. या भागात अंगात दम असलेल्या पोरांची वाण नाही. कोलाम आणि गोंड पाड्यांवरची मुलं रोज किती चालतात, पळतात, ते एकदा बघावं.

पावसात काही उगवत नाही असंही नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' त्यांच्यावरच आहे. ही गोष्ट मला आवडते, पण ती ऐकून 'खेळायचं असेल तर पोरं कशातही खेळतात' असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा राग येतो. पोरं खेळतात म्हणून ऋतू बरोबर ठरत नाही.

हंगाम बदलता येतो, याची उदाहरणं आता ढिगाने आहेत. आयर्लंडची लीग २००३मध्ये हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेली. रशियाने २०११-१२मध्ये उलटा प्रवास केला. जपाननेही २०२६पासून हिवाळी हंगामाकडे वळायचं ठरवलं, बर्फाच्या दिवसांत मध्ये मोठी सुट्टी ठेवून. कतारसाठी तर अख्खा विश्वचषक २०२२च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेला. आपली इंडियन सुपर लीग २०१४मध्ये ऑक्टोबरात सुरू झाली, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलने पावसाळा केव्हाच सोडला. २०२५मध्ये तोही हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, पण त्यात पावसाचा काही दोष नव्हता, तो व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ होता. शाळेतली मुलं मात्र अजून हारवुड लीगच्या काळातलाच ऋतू खेळत आहेत.

माझं मत सरळ आहे. यवतमाळसारख्या काळ्या मातीच्या जिल्ह्यांत फुटबॉल दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत असावं. थंडी बेताची, जमीन घट्ट, भेगा अजून न पडलेल्या. दिल्लीची तारीख बदलणं आपल्या हातात नसेल, तर निदान जिल्ह्यापुरती एक हिवाळी शालेय लीग असावी, म्हणजे जुलैत उभा राहणारा मुलगा मागच्या हिवाळ्यात दहा सामने खेळलेला असेल. कृत्रिम टर्फचा पर्याय सुचवणारे आहेत. कूपरेजवर ते आहेच. पण टर्फ उन्हात मातीपेक्षा जास्त तापतं, आणि तासाच्या भाड्याने खेळणं इथल्या किती घरांना परवडेल?

हिवाळ्यातही अडचणी आहेत. सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, शाळा पाचला सुटते, म्हणजे खेळायला पाऊण तास. कापूस फुटलेला असतो, मजूर मिळत नाहीत, सुट्टीच्या दिवशी घरचेच हात वेचायला लागतात. त्यामुळे रविवारचे सामने सकाळी सात ते दहात उरकून मुलांना शेतावर जायला मोकळं करावं लागेल. आणि गावातलं एकमेव सपाट मैदान डिसेंबर-जानेवारीत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना दिलेलं असतं. मांडव, माईक, बक्षिसाची मोटरसायकल, सगळं आधीच ठरलेलं. लीगचा कागद घेऊन पहिल्यांदा जायचं ते त्या स्पर्धांच्या आयोजकांकडे.