तिखटमिठाच्या ओट्सचं मूळ गाव

परदेशातल्या मराठी घरात ओट्सचा डबा बहुधा डॉक्टरांच्या सल्ल्याने येतो. रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं, आणि तुम्ही आठवडाभर दूध, केळं, मध घालून ती गोडमिट्ट लापशी निमूटपणे गिळता. आठव्या दिवशी मोहरी-हिंगाची फोडणी होते, कांदा परतला जातो आणि ओट्स त्यात पडतात. चव लागते. पण शेजारणीने विचारलं तर आपण जरा ओशाळूनच सांगतो, "आम्ही आपले आमच्या पद्धतीने करतो." जणू मूळ पदार्थ गोडच होता आणि तो आपण बिघडवला.

इतिहास नेमका उलटा आहे.

ओट्स हे स्कॉटलंडचं रोजचं अन्न. थंड, ओलसर हवेत गहू धड येत नसे, ओट मात्र तग धरी. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात यावरून स्कॉटिश लोकांना चिमटाही काढला: इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात. (महाराष्ट्रातला शेतकरी आजही ओट पेरतो तो मुख्यतः दुभत्या जनावरांच्या हिरव्या वैरणीसाठी. जॉन्सनला हे आवडलं असतं.) तिथली जुनी पॉरिज म्हणजे भरडलेले ओट, पाणी आणि मीठ. ती ढवळायला लाकडी दांडा. त्यात साखर घालणं काही स्कॉटिश आजोबांना अजूनही खपत नाही.

खरी गंमत 'स्कर्ली'त आहे. तव्यात चरबी तापवायची, बारीक चिरलेला कांदा लालसर परतायचा, त्यात भरडलेले ओट घालून खमंग भाजायचे, वर मीठ-मिरपूड. मोहरी-हिंग सोडले तर हा आपला कोरडा उपमाच! नावही फोडणीचंच म्हणा ना: स्कर्ल म्हणजे कर्कश आवाज, तव्यावरच्या चरचरीचा. बॅगपाइपच्या आवाजालाही तोच शब्द.

आणि 'सोअन्स'. दळणातून उरलेली ओटाची साल, तिला चिकटलेल्या पिठासकट, पाण्यात काही दिवस आंबवायची. मग तळाशी बसलेला साका मीठ घालून शिजवायचा. आपली आंबील आठवली ना? दोन्हीकडे कारण एकच. गरिबाच्या घरात धान्याचा कण वाया जात नाही.

मग गोडाचा पगडा कुठून बसला? माझ्या मते अमेरिकेतल्या डब्यांतून. फर्डिनांड शूमाखर या जर्मन स्थलांतरिताने 1856 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे ओटाची गिरणी काढली. 1877 मध्ये त्याच राज्यातल्या रॅव्हेना इथल्या गिरणीने 'क्वेकर' हे चिन्ह नोंदवलं. पुढे वाफवून रुळांखाली चेपलेले, झटपट शिजणारे ओट्स डब्यात भरून घरोघरी गेले. न्याहारीच्या टेबलावर दूध-साखर आधीच मांडलेली होती. कोलेस्टेरॉलचा अध्याय फारच अलीकडचा: रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं डब्यावर छापायला अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 1997 मध्ये परवानगी दिली.

हेच बीटा-ग्लुकन उपम्याचा गिचका करतं. म्हणून चेपलेले ओट्स आधी कोरडे भाजा, उकळतं पाणी बेतानेच घाला आणि सारखे ढवळू नका. गोडा मसाला आणि मटार घालायचे तर याच प्रकारात.

चिकटपणा हवाच असेल तर मऊ भातासारखे शिजवा आणि वर मेतकूट-तूप घ्या. ताक, जिरं आणि ठेचलेला लसूणही चालतो. अख्ख्या दाण्याचे तुकडे, म्हणजे स्टील-कट ओट्स, ज्वारीच्या कण्यांच्या जातीचे. ते रात्री भिजवून ठेवा आणि सकाळी कण्या शिजवता तसेच मिठाच्या पाण्यात सावकाश शिजू द्या. फोडणी वरून.